हवेत आवळलेला बोल्ट

गफूर मिस्त्री गाडीचे बुश चावून बघायचे. नवा कोरा बुश पाकिटातून काढला, की ते तो पायजम्याला पुसायचे, डाव्या गालात सरकवायचे आणि मागच्या दाढेखाली धरून डोळे मिटून दाबायचे. गिऱ्हाईक समोर उभं आहे, त्याला काय वाटेल, असले विचार त्यांच्या मनाला शिवत नसत. मग तो बाहेर काढून ते निकाल द्यायचे, "शिळी भाकरी हाय. म्हाताऱ्या मानसाच्या गाडीला चालंल."

गाडीखाली काय असतं हे ज्यांना ठाऊक नाही, आणि सुखी माणसाला ते नसतंच, त्यांच्यासाठी एवढंच सांगते. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा एक लोखंडी हात असतो. पुस्तकात त्याला कंट्रोल आर्म म्हणतात, नगरच्या गॅरेजात लोअर आर्म. तो जिथे सांगाड्याला बोल्टने जोडतात, तिथे मध्ये जाड रबराची एक गोल नळी असते. तीच बुश. खड्ड्याचा पहिला मार ती खाते आणि तिच्याकडून उरलेला आपण.

मिस्त्रींच्या लेखी रबराच्या चार जाती होत्या. पेढा, शिळी भाकरी, खारीक आणि सुपारी. पेढा दोन महिन्यांत फाटतो. सुपारी वर्षानुवर्षं टिकते, पण बसणाऱ्याचे मणके टिकत नाहीत. मी सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते आणि रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र आमच्याकडे आहे. मिस्त्रींनी दाढेने क्रम लावलेले चार बुश मी एकदा जेवणाच्या डब्यातून नेले आणि यंत्राखाली धरले. क्रम तोच निघाला. मला इतका राग आला, की पाचवा बुश मी स्वतःच चावून पाहिला, आणि नेमके त्याच वेळी ऑडिटला आलेले एक गृहस्थ दारात उभे. त्यांनी फक्त वहीत काहीतरी लिहिलं.

आता माझ्या गाडीबद्दल. लाल, बुटकी, टर्बो इंजिनाची, जुनी घेतलेली. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पुढे भंडारदऱ्याकडे जाताना जी वळणं लागतात, त्यांच्यासाठीच मी ती घेतली होती. पण जोरात वळवली की तिचं नाक बाहेर पळायचं, आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. मी रात्रंदिवस इंटरनेटवर वाचन करून अॅल्युमिनियमचे कंट्रोल आर्म मागवले, नवे बुश मागवले, आणि एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवून सगळं स्वतः बसवलं. टॉर्क रेंचने, कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर, एक काटाही इकडेतिकडे न होऊ देता. बाया गॅलरीतून बघत होत्या. माझी छाती फुगली होती.

चार महिन्यांत खट-खट सुरू झाली. कुणीतरी केडगावच्या मागच्या बाजूचं गफूर मिस्त्रींचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, मधोमध सिमेंटचा लांबट खड्डा, खड्ड्यावर गाडी उभी करायची आणि मिस्त्रींनी खाली उतरायचं, एवढंच गॅरेज. मी म्हटलं, "बसा, एक चक्कर मारून दाखवते." ते दोन पावलं मागे सरले. "आपन न्हाई बसत. आपल्याला गाडी लागती."

उभा जन्म गाड्यांखाली घालवलेल्या माणसाला गाडी लागत होती. केडगावहून माळीवाड्यापर्यंत बसले तरी ओकायचे. सगळीकडे सायकलवर जायचे. म्हणून गाडी तपासायची त्यांची पद्धत वेगळी होती. ते चपला काढून रस्त्याच्या कडेला, स्पीडब्रेकरच्या जवळ अनवाणी उभे राहायचे आणि आपण त्यावरून गाडी न्यायची. मी नेली. परत आले तर त्यांनी चपला घातलेल्या.

"डावा म्होरला गेला. उजवा जायच्या वाटंला लागलाय. कुनी बसवले?"

"मी."

"तुमी मंजी, मालकांनी?"

"मालक नाहीत. मीच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बोल्ट आवळले तवा गाडी कुटं हुती?"

"जॅकवर."

मिस्त्री उकिडवे बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "हवेत आवळलं! इंजिनेरबाईंनी हवेत आवळलं!" शेजारच्या पंक्चरवाल्यालाही त्यांनी हाक मारून सांगितलं.

चूक अशी होती. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, की रबर त्या लोंबत्या अवस्थेतच पक्कं धरलं जातं. गाडी खाली उतरली, हात वर आला, की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. मिस्त्रींच्या भाषेत, "मान वाकडी करून निजलेल्या मानसाची मान तशीच प्लास्टरमधी घालायची आन म्हनायचं, जा आता कामाला." म्हणून शेवटचा बोल्ट गाडी चारी चाकांवर उभी असतानाच आवळायचा. "आधी जिमिनीवर ये, मंग आवळ." हे वाक्य ते सगळ्यांना ऐकवायचे. घर बांधायला निघालेल्याला, निवडणुकीला उभं राहणाऱ्याला, आणि पंक्चरवाल्याच्या मुलाने एका मुलीसाठी हातावर नाव गोंदवून घेतलं तेव्हा त्यालाही.

बदली म्हणून मी आणलेले लाल रंगाचे पॉलियुरेथेनचे बुशही त्यांनी चावले आणि लगेच काढले. "ही तर सुपारीची बी अम्मा हाय. रेसच्या गाडीचं दिसतंय." मी म्हटलं, हेच हवंय मला, वळणावर गाडी जागची हलत नाही. "वळनावर न्हाई हलत, खरंय. पर तू वळनावर ऱ्हाती का केडगावात?" पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी मला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणलं होतं. बरीच हुज्जत घालून आमचा तह झाला. अॅल्युमिनियमचे आर्म राहतील, लाल बुश वळणावर गाडी कलू न देणाऱ्या पुढच्या दांड्याला लागतील, आर्मला मात्र खारीक.

पण मिस्त्रींची खरी रीत पुढेच होती. गाडी नुसती जमिनीवर उभी करून त्यांचं भागत नसे. रोज त्या गाडीत जी माणसं बसतात, ती आपापल्या जागी बसवायची आणि मग खालून बोल्ट आवळायचे. रिकामी गाडी वेगळी उभी राहते, भरलेली वेगळी. "गाडीत घर बसतं, तर घर बसवूनच आवळावं," म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या शेडमध्ये भर दुपारी अख्खी कुटुंबं खिडक्या उघड्या टाकून उभ्या गाडीत बसलेली दिसायची. हलायचं नाही, वाकायचं नाही, मोबाईलही काढायचा नाही.

पंधरा-वीस मिनिटं माणसांना मोबाईलशिवाय एकत्र बसवलं, की ती बोलायला लागतात. खाली खड्ड्यात कुणी आहे हे विसरून बोलतात. मी टायरवर बसून ऐकलंय. राहुरीकडच्या एका बागाईतदाराच्या गाडीत मागे बसलेली आजी अचानक म्हणाली, "मला काशीला न्हाई जायचं. तुमीच ठरवलंय समदं. मला समिंदर बघायचाय." मग सून म्हणाली, "मला पन." खालून मिस्त्रींचा आवाज आला, "आजी, मधोमध बसा, डावीकडं कलल्यात तुमी." नंतर मी हसत हसत तो विषय काढला तर मिस्त्री म्हणाले, "कोन आजी?" खड्ड्यात ऐकलेलं त्यांनी कधी वर आणलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुज्या गाडीत कोन कोन बसतं?"

"मी एकटी."

"आन घरी कोन हाय?"

"वडील. ते बसत नाहीत."

"मंग ठरवून ये. एकटीची बांधू का घराची, ते सांग. आपल्याला घाई न्हाई." आणि ते दुसऱ्या गाडीखाली उतरले. आर्म बसवलेले, बोल्ट नुसते हाताने फिरवलेले, अशी माझी गाडी त्यांनी कोपऱ्यात ढकलून ठेवली.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. तीस-बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून कुत्र्याचं पिल्लूसुद्धा मेलं नाही, हे ते स्वतः सांगतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी पुण्याला तपासणीला जायचं, आणि तेही एसटीनेच, ड्रायव्हरच्या पाठच्या सीटवर बसून, त्याला सूचना देत. माझ्या गाडीत ते बसत नव्हते. "लई बुटकी हाय, रस्ता दिसत न्हाई." मग एसीचा वास. मग लाल रंग. मी पहाटे उठून गाडी पुसायची आणि बापाने पिशवी घेऊन स्टँडवर जायचं. मला ते लागायचं. फार लागायचं. मागच्या खेपेला शिरूरच्या अलीकडे त्यांना घेरी आली, कंडक्टरने पाणी पाजलं आणि मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, आता बस नाही आणि एकटं तर मुळीच नाही. पुढची तारीख पंधरा दिवसांवर होती.

मी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "न्हाई."

मग मी इंजिनिअरला शोभेल असा मार्ग काढला. अण्णांचं वजन पासष्ट किलो. मोंढ्यातून पन्नास किलोची कांद्याची गोणी आणली, वर पंधरा किलोची पिशवी ठेवली, शेजारच्या सीटवर उभी केली आणि पट्टा बांधला. मिस्त्री खड्ड्यात उतरता उतरता खिडकीपाशी थांबले.

"ही कोन पाव्हनी?"

"पासष्ट किलो. वडिलांइतकंच. त्यांना पुण्याला दवाखान्यात न्यायचंय. रबराला काय कळतंय कोण बसलंय ते?"

मिस्त्रींनी गोणी बोटाने दाबून पाहिली. "पुन्याला दवाखान्यात हिला नेनारेस का?" "उतरव तिला. आन एक पाच किलो माझ्या घरी टाक, आज भजी करू म्हनाव."

त्या दिवशी मला त्यांचा संताप आला होता. घरी येऊन मी तो अण्णांवर काढला. म्हटलं, एक अडाणी मिस्त्री माझी गाडी अडवून बसलाय, म्हणतो वडिलांना बसवल्याशिवाय बोल्ट आवळत नाही. अण्णा ताडकन उठून बसले. "असला कुटं नियम असतो? आमी डेपोत काय पन्नास पॅसेंजर बसवून बोल्ट आवळत हुतो? चल, मी बघतो त्याच्याकडं." रागाच्या भरातही ते माझ्या स्कूटीवर बसले नाहीत. शेअर रिक्षाने आले.

दोघांची अर्धा तास जुंपली. पाट्याची स्प्रिंग, डेपोतले फोरमन, हल्लीच्या रबराची लायकी. शेवटी मिस्त्री म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुमचं बरोबर, माझं चूक. पर उभ्या गाडीत बसायला तर काय जातंय?" अण्णा कुरकुरत डाव्या सीटवर बसले, मी स्टिअरिंगवर, आणि मिस्त्री खाली.

पाच मिनिटं गेली. खालून आवाज आला, "ड्रायव्हरसाहेब, पाय काढा."

"कुटला पाय?"

"उजवा. ब्रेक तिकडं न्हाई. तुमी दाबताय आन गाडी हलतीय."

मी पाहिलं. गाडी बंद, चावी माझ्या पर्समध्ये, आणि अण्णांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर रुतलेला. मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी ते गिळलं. ते समोरच्या काचेतून पंक्चरच्या दुकानाकडे बघत होते.

"अगं वर्षे," ते हळू म्हणाले, "गाडी वाईट न्हाई तुजी. पर हितं बसलो ना, तुज्या डाव्या अंगाला, मंजी मी पॅसेंजर झालो. कायमचा. एसटीत मला अजून समदे ड्रायव्हर म्हनत्यात."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. खाली मिस्त्री पान्याने कशावर तरी ठक-ठक ठोकत होते. बराच वेळ ठोकत होते. एकूण चार बोल्ट होते आणि त्यांतल्या एकालाही ठोकावं लागत नाही. आपण ऐकत नाही आहोत, हे त्यांना कळवायचं होतं. दहा मिनिटांच्या कामाला त्यांनी त्या दिवशी पाऊण तास लावला.

मिस्त्री खड्ड्यातून वर येताच अण्णा दार उघडायला लागले, तर मिस्त्री ओरडले, "उतरू नगा! आता रबर बसायला लागलंय. वजन हललं तर परत आवळावं लागंल. तसंच सुप्यापत्तर जाऊन या."

ही शुद्ध थाप होती. एकदा बोल्ट आवळला की कुणी उतरलं काय, चढलं काय, रबराला त्याचं सोयरसुतक नसतं. हे मला माहीत होतं, आणि अण्णांना माहीत नसेल असं मला आजही वाटत नाही. पण मेकॅनिकने गाडी सोडताना सांगितलेलं ड्रायव्हरने मोडायचं नाही, ही त्यांची जन्माची शिस्त. त्यांनी पट्टा लावला. स्पीडब्रेकरपाशी मिस्त्री अनवाणी उभे होते. आम्ही वरून गेलो. त्यांनी मान डोलावली आणि चपला पायात सरकवल्या.

सुप्यापर्यंत अण्णा सोळा वेळा बोलले, मी मोजलं. क्लचवर पाय ठेवू नको. ट्रकच्या मागं चिकटू नको. हितं डावीकडून मोटारसायकली येत्यात. परतताना मी पाहिलं, त्यांचा उजवा पाय तेवढाच रुतलेला होता, पण तोंडावर जरा उजेड होता.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना गाठलं. म्हटलं, खरं सांगा, कांद्याच्या गोणीने बोल्टला काय फरक पडला असता? ते एक बुश चावत होते. तो काढून म्हणाले, "काय बी न्हाई. पर कांदा एकदा उतरला की परत गाडीत बसत न्हाई." आणि बुश पुन्हा गालात टाकला.

पुण्याच्या तारखेला अण्णा न बोलता गाडीत येऊन बसले. पुढच्याही. मग रविवारीही बसायला लागले. भंडारदऱ्याची माझी वळणं मी आता ताशी पस्तीसने घेते. अॅल्युमिनियमचे आर्म, लाल बुश, टर्बो इंजिन, आणि पस्तीस. मिस्त्रींनी माझं भलं केलं की वाटोळं, हे मी कितीतरी वेळा स्वतःला विचारलंय.

गेल्या वर्षी मिस्त्रींचे गुडघे गेले. उतरता यायचं, पण वर येताना दोन माणसं लागायची. त्यांनी शेड सोडली, खड्डा मुरमाने भरून घेतला आणि ते श्रीरामपूरला लेकीकडे राहायला गेले. जाताना टेम्पोत बसायला नको म्हणून सायकलवर निघाले होते, लेकीने रडून रडून थांबवलं. शेवटी ओकत ओकत टेम्पोनेच गेले म्हणे. तिथे त्यांना काम नाही, खड्डा नाही, चावायला काही नाही. फोनवर मला म्हणाले, "लई निवांत हाय. निवांतपनाचा कट्टाळा आलाय."

दिवाळीनंतर मी आणि अण्णा त्यांना भेटायला गेलो. राहुरी मागे पडल्यावर अण्णांच्या सूचना कमी कमी होत गेल्या. मला वाटलं, रुसले. वळून पाहिलं तर मान खिडकीला टेकलेली, तोंड अर्धवट उघडं, आणि उजवा पाय सीटखाली सैल पडलेला. बत्तीस वर्षं लोकांना झोपवत नेलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या गाडीत झोपला होता. माझे डोळे भरून आले आणि समोरचा ट्रॅक्टर मला नीट दिसेना.

लेकीच्या घरासमोर मी गाडी उभी केली, दार न वाजवता उतरले आणि मिस्त्रींना सांगितलं, अण्णा झोपलेत, बाहेर गाडीत. ते खुर्चीतून उठले, काठी घेऊन एकेक पाऊल टाकत गाडीपाशी आले आणि अर्धवट उघड्या काचेला कान लावून ऐकत राहिले. एवढं लक्ष देऊन त्यांनी माझी खट-खटसुद्धा ऐकली नव्हती. लेक चहा घेऊन आली तर तिला त्यांनी हातानेच मागे लोटलं.

"उठवू नको," ते कुजबुजले. "आपलं काय, परत भेटू. घरी ने त्यांना. सावकाश."

साठ किलोमीटर येऊन, बसून दोन शब्दही न बोलता आणि चहाही न घेता मी परत फिरले. आरशात मिस्त्री दिसत होते, काठीवर वाकलेले, रस्त्याच्या कडेला, अनवाणी. दोन गल्ल्या पुढे आल्यावर अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "तिसरा गिअर टाक." मी टाकला. ते पुन्हा घोरायला लागले.